सापगावच्या वाटेवरील चित्रे

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या आगगाडीने कल्याण मागे टाकले, म्हणजे प्रवासी मंडळी फराळाचे डबे उघडतात. आणि कसाऱ्याचा घाट जवळ आला, म्हणजे डबे मिटून पुन्हा खिडक्यांशी गर्दी करतात. मधला जो मुलूख, त्याकडे लक्ष द्यावे असे कोणास फारसे वाटत नाही. तीर्थ म्हणावे, तर तेथे पंढरी किंवा त्र्यंबकेश्वर नाही. हवा पालटावयास जावे, तर ते माथेरान-महाबळेश्वर नव्हे. तथापि प्रवासाचे फळ केवळ गाजलेल्या स्थळीच पदरी पडते असे मानणे हे आळसाचे लक्षण होय. जवळच्या गावी जाऊन दूरचे काही शिकता येते, असा आमचा तरी अनुभव आहे. आणि तो वाचकांपुढे ठेवावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहो.

गेल्या फाल्गुनात आमचे वडील बंधू, वहिनी, चित्रकला शिकणारी आमची पुतणी आणि आम्ही, अशी चार माणसे आसनगाव स्थानकावर उतरलो. तेथून शहापूर जवळच आहे, आणि शहापुराहून मुरबाड-किन्हवलीच्या बाजूस निघाले की भातसा नदीच्या काठी सापगाव लागते. गाव मोठे नाही. नदी, नदीवरचा पूल, दुतर्फा भाताची खाचरे आणि त्यांच्या पलीकडे सागाऐनाचे जंगल. पीक निघून गेल्यामुळे खाचरे तपकिरी पडली होती. परंतु माळावर पळस फुलला होता आणि मोहाच्या झाडांखाली टोपल्या दिसू लागल्या होत्या. दूर क्षितिजावर माहुलीचा किल्ला उभा. शहाजीराजांनी बाल निजामशहास घेऊन १६३६ साली ज्या गडावर शेवटचा तग धरला, तो हाच. त्याच्या अंगच्या सुळक्यांना या भागात नवरा, नवरी आणि भटजी अशी नावे आहेत. पुतणीने लगेच वही काढून ते वऱ्हाड रेखाटण्यास आरंभ केला. दगडालासुद्धा नाते आणि नाव दिल्यावाचून माणसाचे समाधान होत नाही, ही गोष्ट तेव्हा केवळ मौजेची वाटली. तिचा पुढे दोन दिवस पुनःपुन्हा विचार करावा लागेल, असे त्या वेळी वाटले नव्हते.

सापगावच्या पुलावरून पाहिले असता भातसेचे पात्र शांत दिसते. परंतु ही नदी साधीसुधी नाही. वर तिच्यावर मोठे धरण आहे आणि खाली पिसे येथे बंधारा घालून तिचे पाणी मुंबईस नेलेले आहे. मुंबईच्या घराघरांतून जे पाणी नळास येते, त्यांतील जवळजवळ अर्धे या एका भातसेचे. याच शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी तर १८९२ पासून मुंबई पीत आहे. उलट, ज्या तालुक्याच्या डोंगरांवर हा पाऊस पडतो, त्यातील कित्येक वाड्यापाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहत बसावे लागते. आमच्या वहिनी मुंबईस तीस वर्षे संसार करीत आहेत. त्या म्हणाल्या, "रोज पहाटे हंडे भरते मी, पण हे पाणी कोणत्या गावचे, हा प्रश्न आजवर मनात आला नाही." आपल्यापैकी बहुतेकांचे असेच आहे. वस्तू घरात येते. तिचा धनी मात्र दृष्टीस पडत नाही.

या प्रदेशाचे मूळ रहिवासी ठाकूर, वारली आणि कातकरी. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी, ही व्युत्पत्ती सर्वश्रुत आहे. खैराचे जंगल गेले, काताचा धंदा गेला, नाव तेवढे राहिले. केंद्र सरकारने महाराष्ट्रातील ज्या जमातींची गणना विशेष दुर्बळ आदिवासींत केलेली आहे, त्यांत हे कातकरी आहेत. बहुतेकांच्या नावे जमीन नाही. असलीच, तर एका पावसाळी पिकापुरती. दिवाळी झाली की घराला ताटी लावून, पोरेबाळे व कोंबड्या बरोबर घेऊन ही माणसे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर, रेतीच्या किंवा इमारतीच्या कामावर निघून जातात आणि मृगाच्या अगोदर परततात. या जाण्याला ठाणे व पालघरच्या डोंगरी भागात जो शब्द आहे, तो ऐकून मन चरकते. 'कामाला जाणे' असे ते म्हणत नाहीत. 'जगायला जाणे' असे म्हणतात.

घरापासून अवघ्या दहा-वीस कोसांवर गेलेला हा मनुष्य परमुलखातल्यासारखाच परका असतो. आपल्या पाड्यात तो कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, चांगला तारपा वाजवणारा किंवा झाडपाला जाणणारा म्हणून ओळखला जातो. भट्टीवर तो केवळ अमक्या मुकादमाचा माणूस. त्याने थापलेली वीट शहरातील चारमजली घराच्या भिंतीत जाऊन बसते. पण त्या घराच्या कोनशिलेवर त्याचे नाव असण्याचे कारण नाही, आणि नसल्याचे कोणास नवलही वाटत नाही. सुदैवाने शिमग्याच्या सणाला यांतील पुष्कळ मंडळी चार दिवस का होईना घरी येतात. आमची खेप त्याच सुमारास पडल्यामुळे पाड्यांत माणसे भेटली.

परिचयाच्या एका शिक्षकांबरोबर आम्ही जवळच्या एका वारली पाड्यात गेलो. कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली घरे. एका घरी नुकतेच लग्न झाले होते. दाराबाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर प्रथम काही दिसेना. मग हळूहळू समोरच्या भिंतीवर पांढरे काहीतरी उमटू लागले, आणि थोड्याच वेळात पुरा चौक दृष्टीसमोर उभा राहिला.

हा चौक म्हणजे वारल्यांच्या विवाहाचे मुख्य अंग. गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने तो काढतात. लेखणी म्हणून बांबूची काडी टोकाशी चावून मऊ करून घेतलेली असते. मोठा चौरस, त्याला चहूबाजूंनी साखळीसारख्या आणि दातेरी नक्षीच्या पट्ट्या, आणि आत पालघट देवी. तिच्या आसपास सूर्य, चंद्र, फणी, शिडी आणि घोड्यावर बसलेली नवरानवरी. शेजारच्या लहानशा देवचौकात पाच शिरांचा पंचशिऱ्या. बाहेर झाडे, पाखरे, मुंग्या, तारपा वाजवणारा गडी आणि त्याच्याभोवती वळसा घेत नाचणारी माणसांची माळ. चौक सुवासिनी काढतात. लग्न लावते तीही स्त्रीच. तिला धवलेरी म्हणतात, आणि तिच्या गाण्यांवाचून विवाहविधी पुरा होत नाही.

चित्रातील माणसे आपण सर्वांनी पाहिलेली आहेत: दोन त्रिकोण टोकाशी टोक लावून ठेवलेले, वर डोक्याचा वाटोळा ठिपका, आणि काड्यांसारखे हातपाय. या माणसांना चेहरा नसतो. नाक नाही, डोळे नाहीत, मुद्रेवर हर्षशोक नाही. मग हा कोण, ती कोण, हे ओळखावयाचे कसे? तर ते त्यांच्या कामावरून. मुसळ उचललेली ती कांडणारी. वाकलेला तो आवणी करणारा. खांद्यावर जाळे घेतलेला तो मासे धरावयास निघालेला. माणसाची ओळख त्याच्या तोंडावळ्यात नसून त्याच्या हातात आहे, असे या चित्रांचे सांगणे दिसते. पुतणी म्हणाली, "काका, आम्हांला शाळेत पहिल्यांदा चेहऱ्याचे माप शिकवतात. इथे चेहऱ्यावाचून सगळे चालले आहे!"

घरात एक वृद्ध स्त्री बसली होती. वहिनींनी तिला विचारले, "आजी, हा चौक कुणी काढला हो?"

"आमी बायांनी."

"पण कुणी कुणी? नावे सांगा ना."

म्हातारी हसली. "चौक देवीचा, बाई. त्यात आमचं नाव कशाला?"

वहिनी क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "खरे आहे. माझ्या चैत्रांगणावर तरी मी कुठे नाव घालते?"

आम्हांस हे उत्तर मोठे मार्मिक वाटले. चैत्रात आपल्या घरच्या लेकीसुना अंगण सारवून रांगोळीने गौरीचा झोपाळा काढतात. त्याच्या भोवती सूर्य, चंद्र, शंख, कासव, गोपद्मे, आरसा, फणी, करंडा. सूर्य, चंद्र आणि फणी ही तर त्या भिंतीवरील चौकातही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रांगोळी केरसुणीखाली जाते, आणि तिच्या जागी नवी उमटते. आमच्या आजीने अशी किती अंगणे रेखली असतील! त्यांतील एकही आज शिल्लक नाही, आणि आजीला त्याची खंतही नव्हती. कारण आळीतील प्रत्येक बाईला ठाऊक होते, की इतकी बारीक रेघ फक्त तिचीच. जेथे माणूस ओळखीचा असतो, तेथे चित्राखाली नाव लिहावे लागत नाही. पाड्यातील चौकाचेही तसेच आहे. कोणती सुवासीण झाडाची फांदी कशी झुकवते, हे पाड्याला माहीत असते. आपल्या घरात नाव न सांगणे हा विनय होय. त्यात कसलाही कमीपणा नाही.

परंतु या चौकाच्या पाठीशी दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. ज्या लग्नासाठी भिंत अशी सजत असे, त्याच लग्नाच्या खर्चासाठी वारली तरुण एके काळी सावकार-जमीनदाराकडून थोडे कर्ज घेई आणि ते फेडण्याकरिता त्याच्या घरी वेठीला राही. त्याची नवी नवरीही त्याच्याबरोबर राबे. फेड कधी पुरी होत नसे. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. किती गोड शब्द, आणि त्याचा अर्थ किती कडू! गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. १९४५ साली टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणू भागातील वारल्यांनी वेठ नाकारली. वेठबिगारी कायद्याने संपूर्णपणे बंद झाली ती मात्र १९७६ मध्ये. तोवर पिढ्यान्‌पिढ्या या माणसांचे नाव कागदावर आले असेल, तर ते बहुधा कर्जाच्या वहीत. ती वही लिहिणारे हात सुशिक्षितांचे होते, हेही आपण विसरू नये.

अशा समाजात आणि अशा काळात ज्या एका मुलाचा जन्म झाला, त्याची हकीकत आता सांगावयाची आहे. सापगावपासून त्याचे गाव दूर, उत्तरेस आहे. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ही सारी एकाच ठाणे जिल्ह्यातील माणसे होती, आणि वारल्यांच्या सोयरिकींना जिल्ह्याच्या सीमा कधीच ठाऊक नव्हत्या.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरीकडील धामणगावचा. सात वर्षांचे असताना त्यांची आई वारली. त्या धक्क्याने मुलाची वाचाच बसली, आणि पुढे काही वर्षे तो कोणाशी बोलला नाही. काही सांगावयाचे झाले, तर खाली बसून धुळीत बोटाने आकृती काढी. अकराव्या वर्षी तो डहाणू तालुक्यात गंजाडनजीकच्या कळंबीपाड्यास आला. आई नाही, गाव परका, तोंडात शब्द नाही! अशा पोरक्या मुलाकडे कोणाचे लक्ष जावे? घराच्या कोपऱ्यात पडलेल्या भांड्याइतकीच त्याची गणती व्हावयाची. परंतु धुळीवरच्या रेघांनी त्याला बोलते ठेवले. चौक काढणे हे बायकांचे काम. या मुलाने मात्र लग्नाची वाट पाहिली नाही. त्याचा हात रोजच चालू राहिला.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराचे पाऊल डहाणूकडे वळले. हस्तव्यवसाय मंडळाच्या कामासाठी ते हिंडत असत. पूर्वी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतील स्त्रियांच्या हाती कागद देऊन त्यांची भिंतीवरची चित्रे जगापुढे आणण्यात त्यांचा वाटा होता. येथेही त्यांनी कागद दिला, आणि त्या कागदावर म्हसे यांची रेघ मोकळी झाली. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांची चित्रे मांडली गेली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसमध्ये सर्व खंडांतील कलावंतांचे जे गाजलेले प्रदर्शन भरले, त्यात ते होते. नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार २००९ साली, पद्मश्री २०११ साली. आणि १५ मे २०१८ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही चित्रकारच.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र प्रसिद्ध आहे. बारीक रेघांनी विणलेले प्रचंड जाळे पसरलेले असते, आणि त्याच्यापुढे माणसे अगदी लहान दिसतात. जवळ जावे, तो प्रत्येक माणूस आपापल्या कामात गुंतलेला. ज्याने लहानपण न बोलता काढले, त्याच्या चित्रांत एकही जागा मुकी नाही. मुंगीची रांगसुद्धा काहीतरी सांगत चाललेली असते.

या गृहस्थांच्या चरित्रात आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुरस्कारांची नव्हे. पाड्यातील भिंतीवर नावावाचून राहिलेले चित्र त्यांच्या हातून प्रथमच चित्रकाराच्या नावासह परमुलखात गेले. २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कृतींबरोबर मांडण्यात आली. लाँग यांचा सारा कलाव्यवहार पायी चालण्यावर उभा. रानावनांतून मैलोगणती चालून ते दगडांची वर्तुळे मांडतात आणि हाताने चिखल लावून भिंती रंगवतात. एक भाताच्या पिठाने काढणारा, दुसरा नदीच्या चिखलाने. त्या प्रदर्शनात दोघेही आपापल्या नावानिशी उभे होते. तेथे कोणी 'भारतातील एका जमातीची कला' एवढ्यावर भागवले असते, तर म्हसे पुन्हा त्या धुळीतल्या मुलासारखेच दिसेनासे झाले असते.

परमुलखात गेलेल्या कलावंताचा विचार करताना आणखी एक मराठी नाव आठवते. अंबादास खोब्रागडे हे १९२२ साली अकोल्यास जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि १९७२ साली नॉर्वेस जाऊन तेथेच स्थायिक झाले. २०१२ साली ऑस्लोत त्यांचा अंत झाला. त्यांच्या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. केवळ रंगाचे वाहते फटकारे. हिमप्रदेशात चाळीस वर्षे राहिलेल्या या वऱ्हाडी माणसाने 'मी कोठला?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ओळखीच्या आकृतीत दिले नाही, असे आम्ही समजतो. म्हसे यांनी आपल्या लोकांची आकृती जपली, अंबादासांनी आकृती सोडली. मार्ग निराळे, परंतु दोघांनाही परक्या जागी आपला हात तेवढा आपला म्हणून उरला होता. ज्या घरांतील मुले आज अमेरिका-युरोपात नोकरीस आहेत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस ही गोष्ट अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. नाव उच्चारता न आल्यामुळे कोणी ते तोडून अर्धे केले, तर मुलाच्या मनास काय वाटते, हे पत्रांतून आणि फोनवरून त्यांच्या कानी आलेले असतेच.

आता आपल्याकडे पाहू. वारली चित्राला आज भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. लग्नपत्रिकेवर, साडीच्या पदरावर, चहाच्या पेल्यावर, उपाहारगृहाच्या भिंतीवर आणि सरकारी कचेरीच्या कुंपणावर ते दोन त्रिकोण नाचताना दिसतात. आमच्या स्वतःच्या दिवाणखान्यात दहा वर्षांपासून असे एक चित्र टांगलेले आहे. ते कोणी काढले, असे पुतणीने परतीच्या वाटेवर विचारले, तेव्हा दादा म्हणाले, "वारली आहे ते." पुतणी म्हणाली, "वारली तर झालेच, पण कोण?" दादांपाशी उत्तर नव्हते, आणि आमच्यापाशीही नव्हते. चित्राच्या पाठीमागे दुकानाची चिठ्ठी होती, तीवर किंमत होती. चित्रकाराच्या नावास तीत जागा नव्हती.

कोणी म्हणेल, की त्या म्हातारीनेच सांगितले ना, चौकात नाव कशाला? तर यातील भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. तिने नाव घातले नाही ते आपल्या घरात, आपल्या देवीपुढे, आपल्या माणसांत. तो तिचा अधिकार. परंतु तेच चित्र पाड्यातून निघून बाजारात आले, म्हणजे तेही त्या वीटभट्टीवरील माणसासारखे परमुलखात 'जगायला' आलेले असते. तेथे त्याची रेघ ओळखणारे कोणी नसते. घरी जो विनय होता, तोच बाजारात तोटा ठरतो. आणि त्या तोट्याचा नफा मधल्यामध्ये दुसऱ्याच कोणाला होतो. म्हणून चित्र गाव सोडते, त्या क्षणी चित्रकाराचे नाव त्याच्याबरोबर निघाले पाहिजे. हा मान देण्याचा नव्हे, साध्या न्यायाचा प्रश्न आहे. आपण पुस्तक घेतो, ते लेखकाचे नाव पाहून; गाणे ऐकतो, ते गायकाचे नाव विचारून. मग चित्रापुरतीच जातीच्या नावावर आपली जिज्ञासा का भागावी?

दुसऱ्या दिवशी आम्ही मुरबाडवरून नाणेघाटास गेलो. माळशेजच्या रस्त्याने वैशाखऱ्यापर्यंत गाडी जाते; पुढे दोन-तीन तासांची चढण. वहिनी पायथ्याशीच थांबल्या, बाकीचे आम्ही चढलो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा सातवाहनांचा हा व्यापारी मार्ग. माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे, आणि घाटाच्या तोंडाशी एक प्रशस्त लेणे आहे. लेण्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई आणि किती कार्षापणे दान दिली, याचा हिशेब त्यात अंकांसह कोरलेला असून, आपल्या देशातील अंकलेखनाच्या अतिशय जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते.

परंतु आमची दृष्टी खिळली ती समोरच्या भिंतीवर. तेथे एके काळी राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव घातले होते: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी आणि असेच आणखी काही. आज मूर्ती नाहीत. कोठे पावलांच्या खुणा, कोठे तेवढ्याही नाहीत. नावे मात्र दोन सहस्र वर्षांनंतरही तेथे आहेत. त्या राजांची मुखे कशी होती, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ते होऊन गेले, हे त्या चार अक्षरांमुळे निश्चित कळते. महाराष्ट्राच्या ज्ञात इतिहासाचा आरंभ मांडताना पंडितांना या नावांचा किती आधार झाला, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे.

आदल्या दिवशी पाड्यातील भिंतीवर आम्ही माणसे पाहिली, त्यांना नावे नव्हती. येथे नावे पाहिली, त्यांना माणसे नव्हती. राजाने आपले नाव कोरविले, कारण त्या वाटेने देशोदेशीचे परके लोक जावयाचे होते. परक्यांना सांगितल्यावाचून कळत नाही, हे त्याला ठाऊक होते. छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटाचे नाव मात्र कोणी त्या भिंतीवर लिहिले नाही. तो लेण्याचा खरा कर्ता. मूर्ती गेल्या, तरी भिंत त्याचीच. त्याला आता कोणत्याही उपायाने शोधून काढता यावयाचे नाही. परंतु आज जिवंत असलेल्या, आजच भिंतीवर आणि कागदावर हात चालवीत असलेल्या माणसांच्या बाबतीत ती सबब आपल्याला सांगता येणार नाही.

घरोघरच्या माउल्यांना एक सुचवावेसे वाटते. घरात वारली चित्र आणावयाचे असेल, तर ते काढणाऱ्याचे नाव आणि गाव विचारून घ्यावे. शक्य असेल, तर ते चित्रावर त्याच्याच हाताने लिहवून घ्यावे. दुकानदाराला नाव सांगता आले नाही, तर दुसरे दुकान पाहावे. मुलांच्या शाळेत वारली चित्रे काढवून घेतात, तेव्हा त्यांना जिव्या सोमा म्हसे हे नाव सांगावे, आणि ती चित्रे मूळ कोणत्या सुवासिनींनी, कोणत्या प्रसंगी आणि कशासाठी काढली, हेही सांगावे. आमच्या पुतणीने तर मुंबईस परतल्यावर आणखी एक केले. या चैत्रात वहिनींनी अंगणात गौरीचा झोपाळा रेखला, तेव्हा तिने तो आपल्या वहीत उतरवून घेतला आणि खाली तारीख घालून वहिनींचे पूर्ण नाव लिहिले. वहिनी प्रथम संकोचल्या, मग त्यांनी वही जवळ ओढली, नावातला एक ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि म्हणाल्या, "लिहायचेच, तर नीट लिही."